परळच्या पशुवैद्यकीय कॉलेजला प्रवेश: गुरांना टाळून हा अभ्यास होतो का?

भांडुपची_मावशी: भाची बारावी सायन्सला आहे, ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेश परीक्षा देणार आहे. पशुवैद्यक व्हायचंय म्हणते, पण डोळ्यांसमोर फक्त कुत्री-मांजरं आहेत. परळला प्रवेश कसा मिळतो, किती वर्षं लागतात, आणि गाई-म्हशींना हात न लावता पदवी मिळते का?

परळ_नाका: मावशी, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी: नाही. बीव्हीएस्सी अँड एएच ही पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, त्यात शेवटचं एक वर्ष इंटर्नशिप. गाय, म्हैस, शेळी, डुक्कर, कोंबडी, कुत्रा, सगळे एकाच अभ्यासक्रमात. आवडीचा विषय पुढे एमव्हीएस्सीला, म्हणजे पदव्युत्तर पदवीला निवडायचा.

प्रवेशाला नीटचे गुण लागतात. खुल्या प्रवर्गातून बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी मिळून किमान 50 टक्के हवेत. मुलं चुकतात ती अर्जात. एमबीबीएसचा फॉर्म भरला की पशुवैद्यकीयही त्यातच आलं असं समजतात. राज्यातल्या जागांसाठी नागपूरच्या माफसूचा (महाराष्ट्र पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठ) अर्ज वेगळा असतो, आणि 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी भारतीय पशुवैद्यक परिषदेची नोंदणी त्याहून वेगळी. दोन्ही संकेतस्थळं नीटच्या निकालानंतर रोज पाहा. डोमिसाईल, आणि लागू असेल तर जात वैधता, नॉन-क्रिमीलेयर आत्ताच काढून ठेवा, कारण ऐनवेळी जागा हातची जाते ती बहुतेक कागदांपायी. पसंतीक्रमात फक्त परळ लिहू नका. नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळही घाला. परळचं कॉलेज 1886 सालचं आणि शेजारीच बाई साकरबाई रुग्णालय, त्यामुळे तिथे शिकायला प्राणी भरपूर दिसतात हे खरं. पण गुरांची केस हाताळायला बाकीची कॉलेजंही उत्तम आहेत.

गोठा_आणि_क्लिनिक: गुरांचा भाग शिक्षा म्हणून पाहू नये, तिथेच डॉक्टर घडतो. साधं उदाहरण घ्या. व्यायल्यावर गाय खाली बसली, उठत नाही, कान गार: बहुधा मिल्क फीवर, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं. उपाय कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची 450 मिलीची बाटली शिरेतून. ती शरीराइतकी कोमट करून, स्टेथोस्कोपने गाईच्या हृदयाचे ठोके ऐकत, 10 ते 20 मिनिटांत सावकाश सोडायची. घाईने सोडली तर हृदयाची लय बिघडून जनावर तिथेच दगावतं. ठोके अडखळले की बाटली खाली धरायची. हे धैर्य आणि ही नजर कुत्र्याला सलाइन लावतानाही उपयोगी पडते.

उलट मांजराच्या बाबतीत माणसांचं औषध घात करतं. पॅरासिटामॉल पचवायचं एन्झाइम मांजराच्या यकृतात पुरेसं नसतं, एका गोळीनेही जीव जातो. त्यामुळे औषधशास्त्र आणि वजनावरून मात्रा काढण्याचं गणित पक्कं हवं. पाठांतर करून भागत नाही.

मुंबईत सरावाला आरे कॉलनीतले तबेले आहेत. भाचीला आधी कुणा डॉक्टरांच्या परवानगीने दोन-चार सकाळी तिथे उभं राहू द्या. शेणा-लघवीच्या वासात उभं राहवत असेल तर पुढचं जमेल.

सुई_सांभाळून: कॉलेजात पाऊल टाकण्याआधी रेबीजपूर्व लस घ्यायला लावा: 0, 7 आणि 21 किंवा 28 व्या दिवशी अशा तीन मात्रा. चावा बसला की जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायची आणि आधी लस घेतलेली असली तरी पुन्हा 0 आणि 3 या दिवशी मात्रा घ्यायची. ही शिस्त पहिल्या दिवसापासून हवी, कारण रेबीजची लक्षणं दिसल्यावर औषध नाही. पावसाळ्यात उंदरांच्या लघवीने मिसळलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होतो, म्हणून तबेल्यात गमबूट आणि हातमोजे.

भांडुपची_मावशी: खूप आभार. एक जण म्हणाले, दोन वर्षांचा पशुधन पर्यवेक्षकाचा डिप्लोमा करून क्लिनिक काढता येतं. खरं का?

परळ_नाका: नाही. स्वतंत्रपणे उपचार आणि शस्त्रक्रिया करायला पदवी आणि राज्य पशुवैद्यक परिषदेची नोंदणी लागते. 1984 चा केंद्रीय कायदा तसं सांगतो. डिप्लोमाधारकांना ठराविक किरकोळ सेवा देता येतात, त्याही नोंदणीकृत डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोणी फक्त डिप्लोमावर क्लिनिक काढून देतो म्हणालं तर एक पैसाही देऊ नका. पदवीनंतर खाजगी क्लिनिक, डेअरी किंवा औषध कंपनी, आणि एमपीएससीतून पशुधन विकास अधिकारी, हे सगळे रस्ते मोकळे आहेत.

सुई_सांभाळून: क्लिनिक काढायचं झालं तर जैववैद्यकीय कचऱ्याचे 2016 चे नियम आपल्यालाही लागू आहेत. सुया पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात, काढलेले अवयव पिवळ्या पिशवीत. भाड्याची जागा ठरवण्याआधी तिथून कचरा उचलणारी अधिकृत संस्था येते का ते विचारून घ्या.