गजानन ले-आऊट ग्रुप : ‘पीएम किसान यादी’वाली फाईल कोणी कोणी उघडली?

वंदनाताई, सकाळी ७:०२
मोहोड काका, तुमच्या नंबरवरून रात्री पावणेदोनला ग्रुपवर ‘पीएम किसान यादी’ फाईल पडली आहे. नावाच्या शेवटी एपीके आहे, म्हणजे ती यादी नाही, फोनमध्ये बसणारं ॲप आहे. मागं गाडीच्या चालानची खोटी फाईल आली त्या वेळी एवढं सांगून झालं, तरी पुन्हा तेच. कोणीही बोट लावू नका. ॲडमिन जागे आहेत का?

मोहोड काकू, ७:११
मी मोहोड बोलतो, काकूच्या फोनवरून. मी काहीच नाही टाकलं ताई. काल दुपारी दुसऱ्या ग्रुपवर हप्त्याची यादी आली होती, ते उघडली. आत काहीच नव्हतं. रात्रीपासून माह्यं व्हॉट्सॲप ‘पुन्हा नंबर टाका’ म्हणून राह्यलं.

देशमुख काका, ७:१३
१९३० वर फोन करा. लगेच.

राऊत सर, ७:२०
काका, नंबर पुन्हा टाकू नका. त्या ॲपनं तुमच्याकडून एसएमएसची परवानगी घेतली. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड एसएमएसनं येतो, तो त्यांनी तिकडं वाचला आणि तुमचा नंबर त्यांच्या फोनवर चालू केला. फोन साफ व्हायच्या आत कोड मागवाल तर तोही त्यांनाच दिसेल. आधी एअरप्लेन मोड, वायफायही बंद. आणि ॲडमिन, काकांचा जुना नंबर आत्ता ग्रुपमधून काढा.

मोहोड काकू, ७:२४
वीस वर्षं झाले ले-आऊटमध्ये राहून, अन् मलेच काढता?

वंदनाताई, ७:२६
काका, तुम्हाला नाही, त्या नंबरला. तिथं आता दुसराच माणूस बसला आहे. तुमच्या नावानं पैसे मागेल तर देणारेही इथंच आहेत. रागावू नका.

गजूभाऊ, ७:३१
बाप्पा! बरं, नालीचं काय झालं? आठ दिवस झाले पाणी तुंबून.

वंदनाताई, ७:३२
गजूभाऊ, एक दिवस नाली राहू द्या.

गजूभाऊ, ७:३३
तुमच्या दारात नाही ना तुंबली.

प्रणय, ७:४०
काका, मी येतोच. तोवर बाकीच्यांनी वाचून ठेवा. सेटिंगमध्ये ॲप्सची यादी उघडून काल बसलेलं ॲप शोधायचं. चिन्ह कधी लपलेलं असते, यादीत मात्र नाव सापडते. ‘अनइन्स्टॉल’ फिकं दिसत असेल तर त्यानं डिव्हाइस ॲडमिनचा, म्हणजे फोन ताब्यात ठेवायचा, हक्क घेतला समजा. सेटिंगच्या शोधात ‘डिव्हाइस ॲडमिन’ टाकून तो बंद करा, ॲक्सेसिबिलिटीमधूनही (पडदा वाचायच्या परवानगीतून) काढा, मग अनइन्स्टॉल. तरीही आडवं गेलं तर सेफ मोड : पॉवर बटण दाबून धरा, पडद्यावरच्या ‘पॉवर ऑफ’वर बोट दाबून ठेवा. बहुतेक फोनमध्ये असंच होते. त्यात बाहेरून टाकलेले ॲप चालत नाहीत.

देशमुख काका, ७:४१
१९३० वर फोन करा. लगेच.

मोहोड काकू, ७:४४
पैसे तं गेले नाही, मग सायबर फसवणुकीच्या त्या १९३० नंबरले काय सांगू?

राऊत सर, ७:५२
देशमुख काका बरोबर सांगून राहिले, फक्त क्रम धरा. आधी बँकेला काकूंच्या फोनवरून कळवा आणि यूपीआय, नेटबँकिंग, कार्ड थांबवायला सांगा. यूपीआयची नोंदणीच सिममधून जाणाऱ्या एसएमएसवर होते, म्हणून एसएमएस हातात गेला की खातंही धोक्यात. एक रुपया जरी गेला असेल तर लगेच १९३०. खाते क्रमांक, रक्कम, वेळ आणि व्यवहाराचा १२ आकडी यूपीआय क्रमांक हाताशी ठेवा. चोरटे पैसा एका खात्यातून दुसऱ्यात फिरवत नेतात, तक्रार लवकर गेली तर मधल्या खात्यातच तो अडवता येतो. पैसे गेले नसतील तरी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर नोंद करा. तुमच्या नंबरवरून उद्या कोणाला फसवलं तर तुमच्या हातात कागद पाहिजे.

प्रणय, ८:३५
ॲप निघालं. *#२१# लावून पाह्यलं, काकांचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवलेले होते. ओटीपी फोन करूनही सांगतात, तो ऐकायला असं करतात. ##००२# लावून सगळं वळवणं रद्द केलं. आता काकांचे फोटो दुसरीकडं काढून ठेवून फोन पूर्ण रीसेट करतो, मगच व्हॉट्सॲप. त्यांनी दोन टप्प्यांचा पिन लावून ठेवला असेल तर सात दिवस थांबावं लागेल, पण एसएमएसचा कोड टाकल्याबरोबर ते बाहेर पडतात. बाकी सगळ्यांनी आजच सेटिंग, अकाउंट, टू-स्टेप व्हेरिफिकेशनमध्ये सहा आकडी पिन टाका. तो आधीच असता तर नुसत्या कोडवर काकांचा नंबर गेला नसता.

गजूभाऊ, ८:४१
मंग हप्त्याची यादी पाहाची कुठी?

राऊत सर, ८:४६
योजनेच्या सरकारी संकेतस्थळावर, नाहीतर प्ले स्टोअरवरच्या पीएम किसान ॲपवर. मदतीचा नंबर १५५२६१. वर्षाचे ६००० तीन हप्त्यांत थेट खात्यात येतात, त्यासाठी कोणती फाईल लागत नाही.

मोहोड काकू, ८:५०
आधारचा अंगठा लॉक करा म्हणते सारे. मंग राशन कसं भेटीन?

राऊत सर, ८:५८
प्रश्न रास्त आहे. लॉक असताना राशन दुकानातल्या पॉस मशीनवर अंगठा लागतच नाही, ३३० चा एरर येतो. आधारच्या सरकारी ॲपमधून थोड्या वेळापुरतं उघडता येते, राशन घेतलं की आपोआप पुन्हा बंद. मात्र आधारला मोबाईल जोडलेला पाहिजे. अंगठ्यावर पैसे काढताना ओटीपी लागत नाही. दुकानदार ‘लागला नाही, पुन्हा लावा’ म्हणाला तर आधीच्या वेळची फेल झाल्याची पावती घेतल्याशिवाय दुसऱ्यांदा लावू नका.

वंदनाताई, ९:१०
आता माझं. दिवाळीत नळ कनेक्शनसाठी याच ग्रुपवर सगळ्यांनी आधार आणि पासबुकाचे फोटो टाकले. मी तेव्हाच नको म्हटलं होतं, सचिवांना राग आला. काकांच्या फोनमधले सगळे फोटो त्या ॲपला दिसले असतील तर त्यात आपलेही आधार आहेत. ई-आधारच्या फाईलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. दोन्ही त्याच फोटोवर छापलेलं असते.

सचिव, ९:१५
नगरपंचायतीची मुदत होती. घरोघरी फिरून कोण गोळा करणार होतं, ताई, तुम्ही?

वंदनाताई, ९:१७
फिरले असते. विचारलं कोणी? यापुढं पहिले आठ आकडे झाकलेलं मास्क्ड आधार द्या, तेही सचिवांना एकट्यांना. झेरॉक्सवर ‘फक्त नळ कनेक्शनसाठी’ आणि तारीख आडवी लिहा, अक्षरं आकड्यांवरून गेली पाहिजेत.

देशमुख काका, ९:१८
१९३० वर फोन करा. लगेच.

सचिव, ९:३०
फोटो डिलीट करून राहिलो, पण ‘सर्वांसाठी’ येत नाही.

प्रणय, ९:३३
दोन दिवस बारा तासांनंतर येत नाही. आता ज्यानं त्यानं आपापल्या फोनमधून काढावं लागते. चॅटमधून, गॅलरीतून आणि गॅलरीच्या कचरापेटीतूनही, नाहीतर तिथं महिनाभर पडून राहते. मीडिया आपोआप डाऊनलोड होणंही बंद करा.

वंदनाताई, ९:४०
काढले की इथं घर नंबर लिहा. ४१ घरं आहेत. मी ७ नंबर, काढले.

राऊत सर, ९:४२
१२, काढले.

मोहोड काकू, ९:५५
२३, काढले. माह्या नंबरची वाट पाहू नका, सात दिवस याच नंबरवर बोलीन.

गजूभाऊ, १०:०४
३०, काढले. आता नाली.