‘वाचू देत नाही’ की ‘वाचता येत नाही’?

प्रश्न: लिनक्सच्या फाइलसिस्टमवर मराठीत टिपण लिहितोय. ‘अनरीडेबल फाइल’साठी ‘अवाचनीय’ चालेल का?

– नको. वाचनीय म्हणजे वाचण्याजोगं. ‘अवाचनीय फाइल’ म्हटलं की दिवाळी अंकातली रटाळ कथा डोळ्यांपुढे येते. ‘अवाच्य’ तर बोलूच नये असं काहीतरी. त्यापेक्षा नुसतं ‘न वाचता येणारी’ लिहा.

– पण कुठल्या प्रकारची? कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) लेखी ही वेगवेगळी दुखणी आहेत. फाइलचं मोड ००० केलं, म्हणजे सगळ्या परवानग्या काढल्या, की फाइल उघडणं, ‘ओपन’च, नाकारलं जातं आणि ‘ईअ‍ॅक्सेस’ (EACCES) ही त्रुटी मिळते, क्रमांक १३. हा सरळ मज्जाव, म्हणून ‘वाचू देत नाही’. डिस्कचा सेक्टर (मजकूर साठवणारा छोटा तुकडा) खराब असेल तर ‘ओपन’ बिनबोभाट होतं आणि ‘रीड’ करताना ‘ईआयओ’ (EIO) ही त्रुटी येते, क्रमांक ५. इथे ‘वाचता येत नाही’. साध्या स्थानिक डिस्कवर मज्जाव रूटला, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याला, अडवत नाही, खराब सेक्टरपुढे मात्र रूटही हतबल. आणि परवानगी ‘ओपन’च्या वेळीच तपासतात, आधीच उघडलेल्या फाइलच्या परवानग्या नंतर चिमोडने (chmod कमांडने) काढल्या तरी चालू प्रोग्रॅम ती वाचत राहतो. दोन्हींना एकच शब्द दिलात तर वाचक चिमोड करत बसेल आणि डिस्क तिकडे मरत असेल.

प्रश्नकर्ता: पटलं. मग ‘बॅड इनोड’ला काय म्हणावं? (इनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी नोंद.) ‘वाईट’ कसंसंच वाटतं.

– ‘बाद इनोड’! नोटा चलनातून बाद होतात तसा. आणि अर्थही चपखल बसतो. डिस्कवरून इनोड वाचताना घोळ निघाला की कर्नल ‘मेक_बॅड_इनोड’ बोलावतो. त्याने मेमरीतल्या त्या इनोडची सगळी फंक्शनं बदलली जातात. नव्या तक्त्यातलं जवळजवळ प्रत्येक फंक्शन एवढंच करतं की ‘ईआयओ’ परत देतं. त्यामुळे वरच्या कोडला अर्धवट भरलेल्या इनोडशी झटापट करावी लागत नाही. डिस्कवरच्या नोंदीला तो हातही लावत नाही, म्हणून ‘नष्ट केलेला’ असं लिहू नका.

– फाइलींची यादी दाखवणारं ‘एलएस -एल’ (ls -l) केल्यावर नावाच्या आधी प्रश्नचिन्हांची रांग दिसते ना, तेव्हा बऱ्याचदा असलंच काही असतं: डिरेक्टरीत नाव सापडलं, पण फाइलची माहिती विचारणारा ‘स्टॅट’ फसला.

– ‘ईयूक्लीन’ (EUCLEAN) ही त्रुटी राहिली. नेहमीच्या पीसींवर, म्हणजे एक्स८६वर, क्रमांक ११७, संदेश ‘स्ट्रक्चर नीड्स क्लीनिंग’. ‘साफसफाई हवी’ असं भाषांतर पाहिलंय, ते वाचून माणूस फडकं शोधेल. ‘रचना बिघडली आहे’ लिहा, आणि पुढे ‘अनमाउंट करून एफएसचेक चालवा’ (म्हणजे फाइलसिस्टम वापरातून काढून fsck ही तपासणीची कमांड). फाइलसिस्टम एक्सएफएस प्रकारची असेल तर एक्सएफएस-रिपेअर (xfs_repair). तिथे एफएसचेक काहीच करत नाही.

– जाता जाता: लॉगमध्ये ‘फाइल वाचली नाही’ असं वाक्य नको. वाचायची राहिली की दगावली, कळत नाही.

प्रश्नकर्ता: ईआयओच्या बाबतीत दोन्ही खरं असू शकतं की!