एकवीस किलोमीटर धावते, पण पंचवीस मीटर पोहताना जीव कासावीस होतो. नेमकं काय चुकतंय?

माणदेशी_नायगाव

नमस्कार. मी दादरच्या नायगावात राहते, परळच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे, वय एक्केचाळीस. धावण्याची आवड उशिरा लागली, पण आता सुटत नाही. ड्यूटीप्रमाणे सकाळी किंवा संध्याकाळी घरून निघते, फाइव्ह गार्डनला दोन वळसे घालते आणि टिळक पुलावरून शिवाजी पार्कला जाऊन कट्ट्याच्या फेऱ्या मारते. मुंबई मॅरेथॉनची हाफ पूर्ण केलेली आहे, पेडर रोडच्या चढावर न चालता. येत्या जानेवारीसाठीही नाव दिलंय.

त्यापुढच्या हिवाळ्यात मला ट्रायथलॉन करायचं आहे. स्प्रिंट अंतराचं, म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणं. धावण्याची चिंता नाही. सायकल शाळेत असल्यापासून येते, सराव लागेल एवढंच. गाडी अडलीय ती पाण्यात.

पालिकेच्या तलावावर मोठ्यांची बॅच लावली आहे. तरंगता येतं, फळी धरून पाय मारता येतात. पण फ्रीस्टाइल सुरू केली की सात-आठ हात मारेपर्यंत ठीक, मग छाती गच्च होते, मान आपोआप वर येते, पाय खाली जातात आणि कड येईपर्यंत मी अक्षरशः झगडत असते. शेजारच्या लेनमध्ये साठी ओलांडलेल्या एक काकू येतात. तलावाच्या पायऱ्या चढताना त्या मध्ये थांबून दम घेतात, मी रोज बघते. पण पाण्यात त्याच काकू फेरीमागून फेरी मारतात आणि काठाला आल्यावर माझ्याशी बोलूही शकतात.

शिकवणारे सर म्हणतात, "मॅडम, स्टॅमिना वाढवा." हे माझ्या गळी उतरत नाही. सकाळी उठल्यावर माझी नाडी ५४ असते. स्टॅमिना आणखी किती हवा? कारण दुसरं काहीतरी आहे.

थोडं स्वतःबद्दल, कारण हे नुसतं मेडलसाठी नाही. माझं माहेर साताऱ्याच्या माण तालुक्यातलं. रिओ २०१६ ला ३००० मीटर स्टीपलचेसच्या (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायच्या शर्यतीच्या) अंतिम फेरीत धावलेली ललिता बाबर आमच्याच तालुक्यातल्या मोहीची. धावणं आमच्याकडे आहे, पाणी नाही. चांगला पाऊस झाला की विहीर भरायची आणि मुलगे पाठीला रिकामा डबा बांधून उड्या मारायचे. मला मात्र धुण्याची बादली घेऊन काठावर बसवायचे, कारण मुलीच्या जातीने विहिरीत उतरायचं नाही. स्टीपलचेसच्या पाण्यात पडणाऱ्या उड्या टीव्हीवर बघताना मला ती विहीर आठवत होती. मला पोहायला यायलाच हवं आहे.

तर दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एवढा दम असून पाण्यात तो जातो कुठे? आणि जानेवारीपर्यंत धावणं कमी करून पोहण्यावर जोर द्यावा, की दोन्ही चालू ठेवावं?

---

दादर_स्लो_लोकल

माझंही अगदी असंच झालं होतं. मी फिन्स घेतल्या, पावलांना लावायच्या छोट्या रबरी पात्या. त्या घातल्या की पाय वर राहतात आणि हाताकडे लक्ष देता येतं. तलावावर चालतात का ते आधी विचारून घ्या, सगळीकडे परवानगी नसते.

---

तलावकाका

ताई, मी निवृत्त झाल्यापासून ओळखीच्या मोठ्या माणसांना पोहायला शिकवतो. धावणारे बरेच येतात आणि सगळ्यांची तक्रार शब्दशः तुमचीच असते. तुमचा अंदाज बरोबर आहे. स्टॅमिनाचा इथे काही संबंध नाही. श्वास घेण्याचं सोडा, तुम्ही श्वास सोडतच नाही आहात.

जमिनीवर श्वास सोडायला कुणी शिकवावं लागत नाही. पाण्यात तोंड घातलं की माणूस घाबरून श्वास कोंडतो. मग तोंड बाजूला काढल्यावर मिळतो अर्धा सेकंद, आणि तेवढ्यात जुनी हवा टाकायची, नवी घ्यायची, दोन्ही करायला जातो. काठोकाठ भरलेल्या कळशीत आणखी पाणी कुठे मावणार? वर-वरचा घोटभर श्वास मिळतो आणि आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. तुम्ही परिचारिका आहात, तुम्हाला हे मी सांगायला नको: गुदमरल्याची जी भावना येते ती बहुतेक वेळा ऑक्सिजन संपल्याची नसते, कार्बन डायऑक्साइड वाढल्याची असते. छाती गच्च होते ती रिकामी म्हणून नाही, भरलेली म्हणून.

उपाय साधा आहे पण चिकाटी लागते. छातीभर पाण्यात उभ्या राहा. तोंडाने श्वास घ्या, खाली बसा, आणि डोकं पाण्याखाली जाताक्षणी नाकातून हळूहळू बुडबुडे सोडायला लागा. ओठ मिटून "म्" असा सूर लावला की बुडबुडे आपोआप सलग येतात. वर आल्यावर फक्त श्वास घ्यायचा, सोडायचा नाही, कारण तो खालीच सोडून झालेला असतो. असं सलग वीस वेळा, मध्ये डोळे न पुसता. विसाव्या वेळी पहिल्या वेळेइतकंच शांत वाटलं पाहिजे. तसं होईपर्यंत पुढे जायची घाई नको.

दुसरी भानगड पायांची. धावणाऱ्यांचे घोटे कडक असतात. धावताना ते चांगलंच, पण पाण्यात पाऊल काटकोनात राहिलं तर ते पाणी मागे ढकलण्याऐवजी अडवतं. मी असे धावपटू पाहिलेत जे फळी धरून पाय मारतात आणि उलटे मागे सरकतात! त्यात तुम्ही गुडघ्यातून जोरात पाय मारत असणार. मांडीचे स्नायू शरीरातले सगळ्यात मोठे, तेच सगळा प्राणवायू खाऊन टाकतात. पाय कंबरेतून, लहान, सैल. ते तुम्हाला पुढे न्यायला नाहीत, फक्त वर राहायला आहेत. घरी रोज वज्रासनात बसा, पावलं मागे सपाट ठेवून. टीव्ही बघताना केलं तरी चालेल.

तिसरं, नजर. पुढे बघू नका, सरळ खाली, तळाच्या काळ्या पट्टीवर. डोकं वर गेलं की कंबर खाली गेलीच. श्वास घेताना डोकं उचलायचं नाही, सगळं अंगच कुशीवर वळवायचं आणि खालचा डोळा पाण्यातच ठेवायचा.

आणि पंचवीस मीटरचा नाद सध्या सोडा. बारा-पंधरा मीटर पोहा, थांबा, श्वास पूर्ण शांत झाला की परत. त्या काकूंना विचारून बघा, त्याही हेच सांगतील.

---

वरळी_कोळीवाडा

काकांनी तलावाचं सांगितलं, मी दर्याचं सांगतो. बरीच ट्रायथलॉन समुद्रात किंवा धरणात असतात. खारं पाणी जड असतं, त्यामुळे अंग तलावापेक्षा वर राहतं, हा तुमचा फायदा. पण खाली काळी पट्टी नाही, धरायला कड नाही, आणि आपल्याकडच्या गढूळ पाण्यात स्वतःचा हातही धड दिसत नाही. म्हणून अधूनमधून डोळे फक्त पाण्याच्या वर काढून समोरची खूण बघायची सवय तलावातच लावून घ्या.

समुद्रात एकटं उतरायचं नाही. कितीही चांगलं येत असलं तरी नाही. पावसाळ्यात तर विचारच नको, लाटा तर असतातच आणि त्याच दिवसांत जुहूला जेलीफिश येऊन लागतात. उतरायचं ते अनुभवी माणसांबरोबर आणि भरती-ओहोटी बघून. आमच्याकडे जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला सव्वाअकराच्या पुढे. हा ढोबळ अंदाज, उतरण्याआधी छापील तक्ता बघायचाच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, पाणी जोरात ओढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, पाणी त्या मानाने शांत. नवशिक्याने भांगाचे दिवस धरावेत.

मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरमध्ये समुद्रातल्या पोहण्याच्या स्पर्धा होतात, त्यात छोटी अंतरंही असतात. ट्रायथलॉनच्या आधी एकदा तिथे उतरा. शर्यतीतली गर्दी, लाथा, धक्के काय असतात ते कळेल, आणि ते आधीच कळलेलं बरं.

---

पहाटेची_पायडल

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. धावणं कमी करू नका, पण वाढवूही नका. जानेवारीपर्यंत आठवड्यातून तीनदा पुरे: एक लांब, एक जोरात, एक आरामात. पोहणं आरामाच्या दिवशी ठेवा. लांब धावल्याच्या दुसऱ्या दिवशी पाण्यात गेलात तर फक्त श्वासाचा सराव, पाय मारायचे नाहीत. पोटरीत गोळा येतो आणि मधोमध खोल पाण्यात आला तर भीती मनात बसते ती महिनोन् महिने जात नाही.

सायकल आत्तापासून थोडी थोडी सुरू करा. कुठे, हा मुंबईत खरा प्रश्न आहे. सी लिंक आणि कोस्टल रोडवर सायकलला बंदी आहे. नायगावातून पहाटे भायखळ्यामार्गे मरीन ड्राइव्ह गाठायचं, जे. जे. पुलावर न चढता खालून. सहाच्या आत परत फिरायचं, नंतर बस वाढतात. साधी गिअरची सायकल २० किलोमीटरला पुरते, महागडीच्या मागे लागू नका. हेल्मेट मात्र हवंच. महिन्यातून एक-दोनदा सायकलवरून उतरल्या उतरल्या दहा मिनिटं धावा. सुरुवातीला पाय आपले वाटतच नाहीत, त्याची सवय लागते.

एका बाबतीत मी काकांच्याही पुढे जाऊन सांगेन. ट्रायथलॉनमध्ये पोहणं आधी असतं. पाय पाण्यातच थकवले तर सायकलवर आणि धावताना काय उरणार? मुरलेले लोकही पोहताना पाय मुद्दाम हळू मारतात. तेव्हा तुमचे पाय मंद असले तर बिघडत नाही.

नाइट ड्यूटीनंतर मात्र थेट तलावावर गेलात तर वेळ वाचेल, मी तसंच करतो.

---

माणदेशी_नायगाव

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचा सल्ला सोडून सगळं घेते. नाइटनंतर मी पाण्यात उतरणार नाही. जागरणाने माणसाचं भान किती जातं ते मी वॉर्डात पहाटे चार वाजता बघते, आणि तुम्हीही ते करू नये असं मला वाटतं.

काका, "म्" करून पाहिलं. पहिल्या चार-पाच वेळा नाकात पाणी गेलं, कारण मी सूर लावायला उशीर करत होते. मग डोकं आत जाण्याच्या आधीच सूर सुरू केला आणि फरक पडला. बुडबुडे गालावरून कानाकडे जाताना जाणवतात, जबड्यात गुणगुण होते. वीस पूर्ण झाले तेव्हा वर आल्यावर मला हवेची ओढच नव्हती. मी मुद्दाम नाडी मोजली, जिना चढल्यावर असते त्यापेक्षाही कमी. मग पोहून पाहिलं. अर्ध्याच्या पुढे, जिथे तळ उतरत जातो आणि पाणी गडद होतं, तिथे मी नेहमी धडपडते. त्या जागेवरून सरळ पुढे गेले. कडेपर्यंत नाही, पण थांबले ते स्वतःहून, दम लागला म्हणून नाही.

काकूंनाही विचारलं. त्या म्हणाल्या, "मी पोहताना मनात अथर्वशीर्ष म्हणते, त्यामुळे श्वास आपोआप लांब जातो."

उजव्या बाजूने श्वास जमतो, डावीकडे अजिबात नाही. ते राहू दे सध्या? आणि वज्रासनात उजवा घोटा दुखतो. दोन वर्षांपूर्वी तो मुरगळला होता, एक्स-रे तेव्हा ठीक होता.

---

तलावकाका

डावीकडचं राहू दे. एका बाजूने चारशे मीटर आरामात झालं की मग दुसरी बाजू. समुद्रात उपयोगी पडते, कारण लाट कुठल्या बाजूने येईल ते आपल्या हातात नसतं.

घोट्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून बसा, म्हणजे पाऊल पूर्ण सपाट होत नाही आणि ताण निम्म्यावर येतो. सुरुवातीला अर्धा मिनिट. ओढ जाणवली तर चालेल, दुखलं तर लगेच उठायचं. पंधरा दिवसांत फरक नाही पडला तर तुमच्याच रुग्णालयातल्या फिजिओला दाखवा, जुनी मुरगळ आहे म्हणून सांगतोय. आणि तोवर फिन्स घालू नका, त्यांचा सगळा भार घोट्यावरच येतो.