मदत हवी आहे: रक्त गेलेल्या माणसाला गार ठेवायचं की ऊब द्यायची?

घोटीजवळ हायवेला लागून आमचं चहा-मिसळीचं हॉटेल आहे. अपघात झाला की पहिली धाव आमचीच. मागच्या श्रावणात रात्री साडेदहाला एक मोटरसायकलवाला कंटेनरला घासला. मांडीतून रक्त नुसतं वाहत होतं. गल्ल्यावरच्या टॉवेलची घडी करून मी जखम दोन्ही हातांनी दाबून धरली. तेवढ्यात आमच्या पोऱ्याने फ्रीजरमधला बर्फ आणून त्याच्या कपाळावर, छातीवर ठेवला. आपल्याकडे घेरी आली की मारा गार पाणी, हीच रीत.

१०८ आली. डॉक्टरांनी उतरल्या उतरल्या बर्फ उडवून लावला. "अहो, पावसाने आधीच गारठलाय, त्यात हे काय?" ओले कपडे कात्रीने कापले, चंदेरी कागदात गुंडाळलं आणि नाशिकला नेलं. पोरगा वाचला, काठी घेऊन चालतो.

आता भाचा मोबाईलवर दाखवतो की अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. सॅम्युअल टिशरमन अशाच जखमींना मुद्दाम १०-१५ अंशांपर्यंत थंड करतात. २०१९ मध्ये त्याची बातमीही आली होती. मग पोऱ्या बरोबर की डॉक्टर? पोऱ्याने तर तेव्हापासून मला धारेवर धरलंय.

प्रतिसाद १
दादा, मी भूलतज्ज्ञ आहे, नाशकातच. डॉक्टर बरोबर. बाल्टिमोरचा प्रयोग होता गोळी किंवा सुरा लागून रक्त गेलेल्या आणि हृदयच थांबलेल्या माणसांसाठी. छाती उघडून महाधमनीत बर्फासारखं थंड सलाईन सोडतात. एरवी मेंदूला रक्त मिळणं थांबलं की तो पाचेक मिनिटांत खराब व्हायला लागतो, पण इतक्या थंडीत त्याची प्राणवायूची भूक मंदावते आणि सर्जनला फाटलेली नस शिवायला तास-दोन तास मिळू शकतात. मग हृदय-फुफ्फुसांचं काम करणाऱ्या बायपास मशीनवर हळूहळू गरम करायचं. हे सगळं ऑपरेशन थिएटरमधलं काम.

तुमच्या पेशंटचं हृदय चालू होतं. अशा वेळी अंग ३५ अंशांखाली गेलं की रक्त नीट गोठत नाही, म्हणजे तुम्ही दाबून आणलेली गुठळीसुद्धा धरत नाही. वरून कुडकुडण्यात उरलासुरला प्राणवायू जळतो. आणि छातीवरच्या बर्फाने मेंदू थंड होत नाही हो, नुसती कातडी गारठते! टॉवेल दाबून धरलात, ते मात्र एकदम पक्कं काम.

प्रतिसाद २
पाणीही पाजू नका कोणाला, पुढे भूल द्यावी लागते. आमच्या आडगाव नाक्यावर दर वेळी कोणीतरी बाटली घेऊन येतोच.

धागाकर्ता
आभारी आहे मॅडम. पोऱ्याला वाचून दाखवलं, गप्प बसलाय. तो चंदेरी कागद हॉटेलात ठेवायचा म्हटलं तर कुठे मिळेल?

प्रतिसाद १
ट्रेकिंगच्या सामानात असतो. कळसूबाईला जाणारी मंडळी तुमच्याकडेच चहाला थांबत असतील, त्यांना विचारा. तोवर कोरडी गोधडी चालेल. एक खालीही घाला, ओला डांबरी रस्ता फार ऊब खातो.