‘नस्ती’ आणि ‘टिपणी’: माहिती अधिकाराच्या अर्जात नेमका कोणता शब्द लिहावा?

प्रश्न: ‘नस्तीतील टिपणी भाग 12 पाने, पत्रव्यवहार भाग 40 पाने, 104 रुपये भरावेत’ असे उत्तर आले, तर नस्ती म्हणजे फाइलच ना? मग हे दोन भाग कसले?

प्रतिसाद: फाइलच. ‘नसती उठाठेव’मधल्या ‘नसती’शी तिचा संबंध नाही (कधीकधी तसे वाटते खरे). पत्रव्यवहार भागात आलेली-गेलेली पत्रे असतात. टिपणी भागात लिपिकापासून वरपर्यंत कोणी काय शेरा मारला, कोणत्या तारखेला सही केली ते असते. नुसती ‘कागदपत्रे द्या’ म्हटले की बहुधा पत्रेच मिळतात आणि मतभेद टिपणीत राहून जातात. महाराष्ट्रात पानाला 2 रुपये, म्हणून 52 पानांचे 104.

प्रतिसाद: ‘टिपणी’ की ‘टिप्पणी’? दोन्ही दिसतात, अर्ज त्यावरून अडत नाही. अडतो तो ‘का’ या शब्दावर. ‘माझा प्रस्ताव का नाकारला?’ हा खुलासा झाला. माहिती अधिकार कायद्याच्या कलम 2(च) मधल्या ‘माहिती’च्या व्याख्येत ‘का’चे उत्तर बसत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्ये म्हटले. ‘प्रस्ताव नाकारल्याच्या टिपणीची प्रत द्या’ लिहा. कारण नोंदवलेले असेल तर तिथेच सापडेल.

प्रतिसाद: थोडी दुरुस्ती. ज्याच्यावर निर्णयाचा परिणाम होतो, त्याला कारणे कळवणे हे कलम 4(1)(घ) प्रमाणे कार्यालयाचेच काम आहे. स्वतःचे प्रकरण असेल तर त्या कलमाचा उल्लेख जरूर करावा. तिऱ्हाइताला ती वाट नाही.

प्रश्न: ‘साक्षांकित प्रत’ मागावी की ‘प्रमाणित’?

प्रतिसाद: कायद्यातला शब्द ‘प्रमाणित’. साक्षांकन आपण नोकरीच्या अर्जाला जोडलेल्या झेरॉक्सवर करून घेतो, ते वेगळे. मसुदा असा: ‘अमुक क्रमांकाच्या नस्तीतील टिपणी व पत्रव्यवहार या दोन्ही भागांच्या, अमुक ते अमुक तारखेपर्यंतच्या प्रमाणित प्रती.’ नस्ती क्रमांक ठाऊक नसेल तर कार्यालयाने पाठवलेल्या पत्राचा जावक क्रमांक द्या. ‘इत्यादी’ आणि ‘संपूर्ण’ टाळा, ‘मागणी मोघम’ म्हणायला तेवढे पुरते. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय, शब्द 150 पर्यंत, वर 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. 30 दिवसांत उत्तर नाही आले, तर पुढच्या 30 दिवसांत पहिले अपील. त्याला स्टॅम्प 20 रुपयांचा.