जुन्या इंग्रजी प्रवासवर्णनांतला 'राजा' कितपत खरा मानायचा?

प्रश्न: पुण्याच्या दरबाराची इंग्रजी वर्णनं वाचतोय. पेशव्यांनाच राजा म्हटलेलं दिसतं. दागिने, हत्ती यांवर पानंच्या पानं, कारभार मात्र दोन ओळींत. पडताळायचं कसं?

उत्तर १: आधी पदवी तपासा. राजा म्हणजे साताऱ्याचे छत्रपती. पेशवाईची वस्त्रं तिथूनच येत. मग साल पाहा. १८०२ च्या वसईच्या तहापूर्वीचा लेखक बरोबरीच्या सत्तेच्या दारी आलेला असतो, नंतरचा बहुधा रेसिडेंटाचा, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीचा, पाहुणा. सूर तिथेच बदलतो. शोधताना जुनी स्पेलिंग घ्या: शिंद्यांसाठी 'सिंदिया', पुण्यासाठी 'पूना'.

उत्तर २: मला अत्तर-पान फार महत्त्वाचं वाटतं. मनगटाला अत्तर लावून विडा हाती दिला की भेट संपली, आता उठायचं. रिवाज माहीत नसलेला लेखक त्याला नुसता पाहुणचार समजतो. नजराण्याचंही तसंच, पुष्कळदा तो फक्त हात लावून परत करत. तोफांची सलामी तर इंग्रजांनीच ठरवलेली: बडोद्याला २१, कोल्हापूरला १९, सांगलीला ९. तो आकडा म्हणजे राज्यकारभाराची पावती नव्हे.

उत्तर ३: पेशवे दफ्तरातले त्याच तारखेचे कागद काढा. रेसिडेन्सीचा पत्रव्यवहार छापील खंडांत आहे, तोही शेजारी ठेवा. कागदांवरच्या हिजरी तारखा आधी इंग्रजी तारखांशी जुळवून घ्या, घोळ तिथेच होतो.