मदत हवी आहे: पालक न खाणाऱ्या पॉपायवर व्हिडिओ गेम करता येईल का?

नमस्कार. मी पुण्यात एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करतो आणि फावल्या वेळात एका मित्रासह छोटे व्हिडिओ गेम तयार करतो. चित्रे त्याची, प्रोग्रॅमिंग माझे. गेले वर्षभर आम्ही पालक खाऊन बलवान होणाऱ्या पॉपाय या कार्टून खलाशावर एक गेम करत आहोत. तो आता अशा टप्प्यावर आला आहे की पुढे जाण्यापूर्वी जाणकारांना विचारणे भाग आहे.

एल्झी सीगर यांच्या 'थिंबल थिएटर' या वृत्तपत्रीय चित्रमालिकेत पॉपाय १७ जानेवारी १९२९ रोजी पहिल्यांदा आला. अमेरिकेत त्या काळच्या साहित्यावर प्रकाशनापासून ९५ वर्षे प्रताधिकार (कॉपीराइट) राहतो आणि ही मुदत वर्षअखेरीस संपते. त्यामुळे १९२९ च्या चित्रपट्ट्या १ जानेवारी २०२५ रोजी आणि १९३० च्या पट्ट्या १ जानेवारी २०२६ रोजी तेथे मुक्त झाल्या, म्हणजे कोणालाही परवानगीशिवाय वापरता येऊ लागल्या. २०२४ मध्ये 'स्टीमबोट विली' या जुन्या कार्टूनपटातला मिकी माऊस मुक्त झाला, तेव्हा लगेच त्याला राक्षस करून भयपट आणि भयगेम यांची घोषणा करण्याची चढाओढ लागली. तसले काही आम्हाला करायचे नाही. मूळ पट्ट्यांतला खडूस, एका डोळ्याचा, तोंडाळ खलाशी आम्हाला मनापासून आवडला आहे.

अडचण अशी आहे की मुक्त झालेला पॉपाय आणि आपण लहानपणी टीव्हीवर पाहिलेला पॉपाय एक नव्हेत. १९२९ मध्ये तो नायकसुद्धा नव्हता. पॉपायची पुढची प्रेयसी ऑलिव्ह, तिचा भाऊ कॅस्टर ऑईल (नावाचा अर्थ शब्दशः एरंडेल, सीगर यांची विनोदबुद्धी ही अशी) बर्निस नावाची नशीबवान कोंबडी घेऊन एका बेटावरचा जुगारअड्डा लुटायला निघतो आणि जहाज चालवण्यासाठी बंदरावरचा हा खलाशी कामावर ठेवतो. त्या कोंबडीच्या डोक्यावरून हात फिरवला की नशीब फळफळते. पॉपायला पुढे गोळ्या लागतात, तेव्हा तो वाचतो तो या कोंबडीमुळे. पालकाचा तेथे मागमूसही नाही.

आम्ही नेमका हाच धागा पकडला. आमच्या गेममध्ये पॉपायच्या काखेत कोंबडी असते. बटण दाबून धरले की तो तिच्या डोक्यावर हात फिरवतो आणि जखमा भरू लागतात, पण तेवढा वेळ दोन्ही हात गुंतलेले असल्यामुळे त्याला ठोसा मारता येत नाही. मोठा आवाज झाला की कोंबडी बिथरून पळते आणि मारामारी सोडून तिच्यामागे धावावे लागते. मित्रमंडळींनी खेळून पाहिले आणि त्यांना ते आवडले. माझ्या आठ वर्षांच्या भाचीने मात्र दोन पातळ्या पार करून विचारले, "मामा, याचा पालकाचा डबा कुठाय?" डबा नाही म्हटल्यावर ती म्हणाली, "मग हा खोटा पॉपाय आहे." त्या दिवसापासून आम्ही पेचात आहोत.

पालकाने शक्ती येणे हे १९३१ च्या पट्ट्यांत आले, हे मला माहीत आहे. नायकाने एखादी भाजी खाऊन बलवान होणे ही नुसती कल्पनाही त्यामुळे आम्हाला वर्ज्य ठरते का, की पालकाचा तो विशिष्ट डबाच तेवढा टाळायचा? (मित्राने मेथीची जुडी सुचवली आहे.) दुसरे असे की मित्राने पहिले चित्र आठवणीतून काढले, तेव्हा त्यात पांढरा नौदल गणवेश आला. तो १९४० च्या दशकातल्या कार्टूनपटांतला निघाला आणि ते चित्र टाकून द्यावे लागले. अशी आणखी किती उसनी वैशिष्ट्ये नकळत शिरली असतील, ते कसे तपासावे? तिसरा प्रश्न शीर्षकाचा आहे, कारण पॉपाय या नावावर ट्रेडमार्क आहे. आणि शेवटचे म्हणजे, आम्ही भारतात बसून गेम केला, तर कोणता कायदा लागू होतो?

प्रतिसाद १

प्रताधिकाराच्या प्रकरणांशी माझा कामानिमित्त संबंध येतो, म्हणून लिहितो. प्रकाशनापूर्वी वकिलाचा लेखी सल्ला मात्र जरूर घ्या.

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण बाकीचे त्यावर अवलंबून आहेत. भारतात लेखक आणि चित्रकार यांच्या कृतींवरचा प्रताधिकार मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. १९९२ च्या दुरुस्तीपूर्वी ही मुदत ५० वर्षांची होती. सीगर १९३८ मध्ये वारले. म्हणजे ५० धरा किंवा ६०, त्यांनी स्वतः काढलेल्या पट्ट्या, त्यातल्या पालकासह, भारतात केव्हाच मुक्त झालेल्या आहेत. पण गेम ज्या देशात विकला जातो, त्या देशाचा कायदा पाहावा लागतो. तो कोठे बसून तयार केला, याला फारसे महत्त्व नाही. ऑनलाइन दुकानात देशवार विक्री बंद ठेवण्याची सोय असते. अमेरिका वगळायची तयारी असेल, तर पालकाचा प्रश्न बराच सौम्य होतो, पण उत्पन्नाची मोठी बाजारपेठही जाते.

अमेरिकेपुरते बोलायचे, तर शेरलॉक होम्सच्या प्रकरणात तेथील सातव्या सर्किटच्या (न्यायविभागाच्या) अपील न्यायालयाने २०१४ मध्ये स्पष्ट केले की जुन्या कथा मुक्त झाल्या की त्यांतले पात्रही मुक्त होते, आणि नंतरच्या कथांत जे नव्याने व स्वतंत्रपणे निर्माण झाले, तेवढ्यालाच संरक्षण उरते. काही खाऊन बळ येणे ही कल्पना आहे आणि कल्पनेवर प्रताधिकार नसतो. मात्र पॉपायच्याच हाती हिरवी भाजी दिलीत, तर समोरचा वकील तिला मेथी म्हणणार नाही. दुसरी एक वाट आहे. १९६४ पूर्वी प्रकाशित झालेल्या अमेरिकी साहित्याच्या प्रताधिकाराचे २८ व्या वर्षी नूतनीकरण करणे आवश्यक होते आणि ते न केल्यास साहित्य मुक्त होत असे. १९३१ च्या पट्ट्यांसाठी १९५८ आणि १९५९ च्या नोंदी पाहाव्या लागतील. त्या नोंदवह्यांच्या स्कॅन प्रती इंटरनेटवर उपलब्ध आहेत.

वैशिष्ट्ये तपासण्यासाठी एक तक्ता करा: टोपी, पाइप, हातावरचा नांगर, शर्टाची कॉलर, बोलण्यातली प्रत्येक लकब, आणि प्रत्येकासमोर ती गोष्ट ज्या पट्टीत पहिल्यांदा दिसते तिची तारीख. तारीख सापडली नाही, तर ती गोष्ट गेममधून काढा. पॉपायचा दांडगट शत्रू ब्लूटो १९३२ चा आहे, पॉपायचे ते प्रसिद्ध गाणे १९३३ चे. दोन्ही सध्या बाजूला ठेवा.

ट्रेडमार्कला मुदत नसते, वापर आणि नूतनीकरण चालू असेपर्यंत तो टिकतो. तरीही ट्रेडमार्कच्या आडून संपलेला प्रताधिकार लांबवता येत नाही, अशी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाची २००३ मधील भूमिका आहे. व्यवहारात याचा अर्थ असा की कथेत पात्राचे नाव घेता येईल, पण शीर्षक, आयकॉन आणि जाहिरात पाहून हा मूळ मालकांचाच गेम आहे, असे ग्राहकाला वाटता कामा नये. तक्रार आली की दुकान बहुधा आधी गेम हटवते आणि मग चौकशी करते, हेही हिशेबात धरा.

प्रतिसाद २

अवांतर वाटेल, पण चिं. वि. जोशी १९६३ मध्ये वारले, म्हणजे त्यांचे लेखन १ जानेवारी २०२४ पासून भारतात मुक्त आहे. अमेरिकेत मिकी मुक्त झाला, तोच हा दिवस. चिमणराव आणि गुंड्याभाऊ यांच्यावर गेम करण्याचा विचार आपण का करत नाही?

धागाकर्ता

दोघांचेही आभार. चिमणराव मोहात पाडणारे आहेत, पण आपल्या डोळ्यांसमोर येतो तो दूरदर्शनवरचा चिमणराव, आणि तो मुक्त नाही. मित्राला मूळ मजकुरावरून नवा चेहरा घडवावा लागेल. शिवाय १९३० च्या दशकातले ते लेखन अमेरिकेत ९५ वर्षांच्या हिशेबाने अजून अडकलेले असावे, म्हणजे पालकवाल्या पॉपायसारखीच परिस्थिती.

तक्ता करायला घेतला आहे. पहिल्या दिवशी अकरा वैशिष्ट्ये लिहिली आणि त्यांतल्या चारांना तारीख सापडली नाही. शीर्षकातून पॉपायचे नाव काढून बर्निसचे टाकत आहोत. नूतनीकरणाची नोंद काहीही निघाली, तरी १९३१ च्या पट्ट्या १ जानेवारी २०२७ रोजी अमेरिकेत मुक्त होणारच आहेत. म्हणून पहिला भाग कोंबडीचा ठेवून पालकाचा भाग त्या दिवसानंतर अद्यतन म्हणून द्यावा, आणि २०२८ मध्ये ब्लूटोला आणावे, असा बेत आहे. भाचीला तारीख सांगितली आहे. तिने ती कॅलेंडरावर लिहून घेतली.

एक विचारायचे राहिले. १९५८ आणि १९५९ च्या त्या नोंदवह्यांत वृत्तपत्रीय चित्रमालिका कोणत्या विभागात शोधाव्यात? पुस्तके, नियतकालिके आणि चित्रे असे वेगवेगळे विभाग दिसतात आणि मी दोन संध्याकाळी चुकीच्याच विभागात घालवल्या, अशी शंका येते आहे.